उभ्या गाडीची बॅटरी डाऊन व्हायची, ते असं थांबवलं

लातूरला आमच्या दारात, लिंबाखाली, टेम्पो ट्रॅव्हलरची केलेली घरगाडी उभी असते. तुळजापूर, औंढा, परळी सगळं तिच्यातूनच होतं. पण आठवडाभर उभी राहिली की चावी फिरवल्यावर नुसतं ‘टक्’. नवी बॅटरी घातली, तीही डाऊन.

मग चावी काढली, दारं लावली आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून मधे मल्टीमीटर (करंट मोजायचं मीटर) अँपिअरवर जोडला, बंद गाडीतही किती करंट जातोय ते बघायला. मीटर असा लावलेला असताना स्टार्टर अजिबात मारू नका, त्याचा फ्यूज जातो. आकडा आला 0.7! म्हणजे दिवसाला जवळपास 17 अँपिअर-तास. 100 ची बॅटरी सहा दिवसांत रिकामी. गाडीचा एकेक फ्यूज काढत गेलो, आकडा हलेना. शेवटी सीटखाली हात घातला तर एक जाड लाल वायर थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून इन्व्हर्टरला गेलेली. त्यावर काहीही चालू नव्हतं, तरी इन्व्हर्टर कोमट लागत होता. ती वायर सोडताच 0.03.

आता तिथे कट-ऑफ स्विच बसवलाय. शिवाय पंधरा दिवसांनी व्होल्टेज बघतो. 12.6 म्हणजे भरलेली, 12.4 च्या खाली गेली की चार्जरला लावतो. लेड-ॲसिड बॅटरी उतरलेली पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर ती आपोआपही लवकर उतरते, म्हणून गाडी लिंबाखालून हलवत नाही.