हनुवटी लहान असलेलं बाळ हाताखाली येतं तेव्हा

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नव्याने रुजू होणाऱ्या सिस्टरांसाठी हे लिहितेय.

माझ्या पहिल्याच महिन्यात पिएर रॉबिन सीक्वेन्सचं बाळ माझ्याकडे आलं. हनुवटी आत गेलेली, टाळू दुभंगलेला, जीभ मागे पडून घसा अडवणारी. बाळ शांत होतं, मॉनिटरवर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, ९६ टक्के. मी निर्धास्त. सीनिअर सिस्टरांनी दुपटं बाजूला केलं आणि म्हणाल्या, "आकडा राहू दे, छाती बघ." दर श्वासाला गळ्याखाली खड्डा पडत होता, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. आवाज नाही म्हणजे त्रास नाही, असं मी धरून चालले होते. पण हवाच जात नसेल तर आवाज येणार कुठून? ब्लड गॅसमध्ये, म्हणजे रक्तातले वायू मोजणाऱ्या तपासणीत, कार्बन डायऑक्साइड वाढलेला निघाला.

बाळाला पालथं घातलं. जीभ स्वतःच्या वजनाने पुढे आली आणि ओढ कमी झाली. पहिला उपाय हाच, पण मॉनिटर लावलेला असतानाच. एरवी निरोगी बाळाला घरी उताणंच झोपवायचं, हे आयांना आवर्जून सांगा.

तेवढ्याने भागलं नाही, म्हणून डॉक्टरांनी नाकातून घशापर्यंत नळी घातली. ती जरा आत गेली की बाळ ओकतं, बाहेर सरकली की घसा पुन्हा बंद. लाळेने चिकटपट्टी सुटते, त्यामुळे नाकपुडीपाशी नळीवर किती सेंटीमीटर दिसतात ते दर पाळीला लिहायचंच. सक्शन, म्हणजे नळीने लाळ-कफ ओढून काढणं, हलक्या हाताने. ४ मिलिमीटरच्या श्वासमार्गाला चहूबाजूंनी १ मिलिमीटर सूज आली, तर हवेला होणारा अडथळा साधारण १६ पट वाढतो. ओरखडासुद्धा महागात पडतो.

वजनाचा तक्ता रोज बघा. दूध पुरेसं जाऊनही वजन अडलं, तर बाळाची ताकद श्वास घेण्यातच खर्च होत असते. आमच्या बाळाचं तसंच झालं, आणि जबड्याचं हाड हळूहळू लांबवण्याच्या ऑपरेशनची चर्चा त्यातूनच सुरू झाली.

आणि आईशी बोला. या बाळाच्या आईला लहानपणापासून जाड भिंगांचा चष्मा होता. एवढ्यावरून स्टिकलर सिंड्रोमचा, म्हणजे डोळे, कान आणि सांध्यांवर परिणाम करणाऱ्या जनुकीय आजाराचा, संशय आला आणि बाळाचे डोळे, कान तपासले गेले. हा आजार बहुधा आईकडून किंवा वडिलांकडून येतो, आणि त्यात डोळ्याचा पडदा सुटण्याचा धोका असतो.

सक्शन शिकताना त्या आईचा हात थरथरायचा. डिस्चार्जआधीचे दोन दिवस आणि दोन रात्री सगळं तिनेच केलं, आम्ही नुसत्या शेजारी उभ्या होतो.