रक्तातले प्रतिरोधक जंतू मोजताना या चुका टाळा

आयसीयूतल्या एका रुग्णाच्या रक्तात आठवडाभरात चार वेळा क्लेब्सिएला हा जीवाणू सापडला, चारही वेळा मेरोपेनेम या ताकदवान अँटिबायोटिकला दाद न देणारा (म्हणजे प्रतिरोधक). महिनाअखेरच्या तक्त्यात त्याच्या चार नोंदी पडल्या. रुग्ण एक, संसर्ग एक, वाढला तो फक्त आकडा. असे तक्ते बघून वॉर्डातली औषधं बदलली जातात, म्हणून चूक महागात पडते.

एकाच रुग्णाला पुन्हा पुन्हा मोजणं

अँटिबायोग्रामसाठी, म्हणजे कोणता जंतू कोणत्या औषधाला किती टक्के दाद देतो त्या वार्षिक तक्त्यासाठी, त्या वर्षात, त्या रुग्णात सापडलेला त्या प्रजातीचा पहिलाच जंतू धरायचा, मग तो औषधाला दाद देवो वा न देवो. समजा, वर्षभरात क्लेब्सिएला ६० वेळा आला आणि त्यात ३६ वेळा तो मेरोपेनेमला प्रतिरोधक निघाला. टक्केवारी ६०. पण हे ६० नमुने ४० रुग्णांचे असतील आणि पहिल्या नमुन्यात १८ जणांचाच जंतू प्रतिरोधक असेल, तर आकडा ४५ टक्क्यांवर येतो. फरक बहुधा वरच्याच बाजूला पडतो, कारण ज्याचा संसर्ग हटत नाही तोच जास्त दिवस राहतो आणि त्याचंच रक्त पुन्हा पुन्हा तपासायला जातं. ३० पेक्षा कमी जंतू असतील तर त्या वर्षाची टक्केवारी वेगळी छापू नका, दोन वर्षं एकत्र करा. स्क्रीनिंगचे, म्हणजे संसर्ग नसतानाही जंतू अंगावर आहे का हे बघायला गुदद्वारातून घेतलेले, रेक्टल स्वॅब यात मिसळू नका.

हूनेट (WHONET) हे प्रयोगशाळेच्या नोंदींचं मोफत सॉफ्टवेअर पहिला जंतू आपोआप वेगळा काढतं, पण रुग्णाचा क्रमांक प्रत्येक वेळी तोच असेल तरच. एकदा ओपीडीचा नंबर, एकदा आयपीडीचा आणि नावाची तीन स्पेलिंगं असली की सॉफ्टवेअरला तीन माणसं दिसतात. कायमचा नोंदणी क्रमांकच भरा.

बाटलीत रक्तच कमी

रक्तातले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीला कल्चर म्हणतात. त्यासाठी प्रौढाच्या एका बाटलीत ८ ते १० मिली रक्त हवं, दोन बाटल्यांचा एक सेट, आणि वेगवेगळ्या शिरांतून किमान दोन सेट. प्रत्यक्षात खर्च वाचवायला एकच बाटली जाते आणि तीत ३-४ मिली रक्त असतं. प्रौढाच्या रक्तात जंतू फार विरळ असतात, दर मिलीत एखादाच असू शकतो, त्यामुळे खरा संसर्ग सुटून जातो. तपासणं सोपं आहे. त्याच लॉटच्या रिकाम्या बाटल्यांचं सरासरी वजन काढून ठेवा आणि आलेली बाटली तोला. १ मिली रक्त म्हणजे साधारण १.०५ ग्रॅम. दर महिन्याला वॉर्डनिहाय सरासरी सिस्टर इन्चार्जना दाखवली की फरक पडतो, नुसत्या सूचनापत्राने फारसा पडत नाही.

एकच बाटली असली की दुसरी अडचण येते. तीत कोअ‍ॅग्युलेज निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस (त्वचेवर नेहमी असणारा जीवाणू) आला तर तो सुईबरोबर त्वचेवरून आला की खरंच रक्तात होता, हे ठरवता येत नाही. त्वचेवरच्या अशा जंतूंना संसर्ग म्हणायला दोन वेगळ्या वेळी टोचून घेतलेल्या नमुन्यांत तोच जंतू हवा, शिवाय ताप, थंडी वाजणं किंवा रक्तदाब घसरणं यांपैकी काहीतरी हवं. रक्त घेण्याआधी त्वचा क्लोरहेक्झिडिन-अल्कोहोलने ३० सेकंद घासा, वाळू द्या, त्या जागेला पुन्हा बोट लावू नका. बाटलीचं रबरी बूचही ७० टक्के अल्कोहोलने पुसा, प्लास्टिकच्या टोपीखाली ते निर्जंतुक असेलच असं नाही. भरलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवू नका.

तारखेचा घोळ

दाखल झाल्याचा दिवस पहिला धरायचा. रक्त तिसऱ्या दिवशी किंवा नंतर घेतलं असेल तर संसर्ग रुग्णालयातला. इथे रिपोर्टची तारीख वापरली की बाहेरून आलेला संसर्ग आपल्या माथी बसतो, आणि आयसीयूत हलवल्याची तारीख दाखल तारीख म्हणून भरली की उलटं होतं. दुसऱ्या रुग्णालयातून आलेल्यांसाठी वेगळा रकाना ठेवाच. त्यांचा जंतू आपल्या खात्यात नसला तरी पहिल्या दिवसापासून त्यांच्यासाठी संपर्काची खबरदारी (हातमोजे, गाऊन वगैरे) लागते.

सेंट्रल लाइन म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी. तिच्यामुळे होणाऱ्या संसर्गाचा दर काढायला लाइनचे दिवस रोज एकाच वेळी मोजा. एका रुग्णाला दोन लाइन असल्या तरी दिवस एकच धरायचा. दोन धरले तर भाजक फुगतो आणि दर छान दिसतो.

कोणाचं रक्त पाठवलं जातं?

ही चूक तक्त्यात दिसतच नाही. पहिली दोन औषधं फसल्यावरच कल्चर पाठवायची सवय असेल तर प्रयोगशाळेत निवडक हट्टी जंतूच पोचतात आणि टक्केवारी आभाळाला भिडते. म्हणून दर १००० रुग्ण-दिवसांमागे किती कल्चर झाली, हा आकडा टक्केवारीशेजारी छापा. राखीव औषधांचंही तसंच. सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम हे असंच एक औषध फक्त मेरोपेनेमला प्रतिरोधक जंतूंवरच तपासलं असेल, तर ती टक्केवारी सगळ्या क्लेब्सिएलांची नव्हे. तळटीप द्या.

अक्षरं नको, आकडे ठेवा

रजिस्टरात नुसतं एस (दाद देणारा), आय (मधला), आर (प्रतिरोधक) लिहू नका, एमआयसी (जंतूची वाढ थांबवणारं औषधाचं किमान प्रमाण) किंवा झोनचे (औषधाच्या डिस्कभोवती जंतू न वाढलेल्या वर्तुळाचे) मिलिमीटर लिहा. २०१० मध्ये सीएलएसआय या प्रयोगशाळांची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेने एन्टेरोबॅक्टेरेल्ससाठी (क्लेब्सिएला ज्यात येतो तो गट) मेरोपेनेमची संवेदनशीलतेची मर्यादा दर मिलीत ४ मायक्रोग्रॅमवरून १ वर आणली. एमआयसी २ असलेला जंतू काल एस होता, आज नाही. आकडा जपला असेल तर जुनी वर्षं नव्या मर्यादेने पुन्हा वाचता येतात. कोलिस्टिन या अँटिबायोटिकसाठी साधी डिस्क चालत नाही, ते औषध अगारमध्ये (जंतू वाढवायच्या घट्ट माध्यमात) नीट पसरतच नाही. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन, म्हणजे द्रव माध्यमात औषधाची वेगवेगळी प्रमाणं तपासण्याची पद्धत, वापरा.

आणि एकाच आठवड्यात पाच-सहा जणांच्या रक्तात बर्कहोल्डेरिया सेपेशिया (पाण्यात आणि दूषित द्रावणांत तग धरणारा जीवाणू) आला, पण रुग्ण त्या मानाने आजारी दिसत नाहीत, तर साथ जाहीर करण्याआधी अँटिसेप्टिकची बाटली, सलाईन आणि अनेकांसाठी वापरलेली इंजेक्शनची कुपी तपासा. तोवर ते सगळे जंतू ग्लिसरॉल ब्रॉथमध्ये उणे ७० अंशांवर जपून ठेवा. जंतू वाढवलेल्या प्लेटी नष्ट करायला ऑटोक्लेव्हमध्ये गेल्यावर ते एकाच वंशाचे होते का, हे पडताळायला हाती काही उरत नाही.