गोवराच्या साथीचा आलेख वाचताना या चुका टाळा

पहिली गफलत तारखेची. लाइन लिस्टमध्ये, म्हणजे रुग्णांच्या ओळवार यादीत, प्रत्येक मुलापुढे ताप आल्याची, पुरळ उठल्याची, नमुना घेतल्याची आणि अहवाल आल्याची अशा वेगवेगळ्या तारखा असतात. घाईत अहवालाची तारीख आडव्या अक्षावर जाते. मग रविवारी साठलेले नमुने सोमवारी तपासून झाले की सोमवारीच उद्रेक झाल्यासारखा दिसतो. गोवरात पुरळ उठल्याची तारीखच धरा.

स्तंभाची रुंदी, म्हणजे एका स्तंभात किती दिवसांचे रुग्ण मोजायचे, हेही मनाला येईल तसे ठरवू नका. अधिशयन काळाच्या (लागण झाल्यापासून आजार दिसेपर्यंतच्या काळाच्या) एक-अष्टमांश ते एक-तृतीयांश इतकी ती असावी. गोवराची लागण झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत साधारण 14 दिवस जातात, म्हणून 2 ते 4 दिवसांचा स्तंभ चालेल. महिन्याचा घेतलात तर रुग्णांच्या दोन पिढ्या, म्हणजे आधीचे रुग्ण आणि त्यांच्याकडून लागण झालेले, एकाच स्तंभात गडप होतील.

उजवीकडचे शेवटचे स्तंभ बुटके दिसतात, कारण त्या दिवसांचे बरेच रुग्ण अजून नोंदलेलेच नसतात. पुरळ उठल्यापासून नोंद होईपर्यंत किती दिवस जातात ते जुन्या नोंदींवरून काढा. 90 टक्के नोंदी 8 दिवसांत येत असतील, तर शेवटचे 8 दिवस फिक्या रंगात दाखवा आणि त्यांवरून काही ठरवू नका.

सगळ्यांत महाग पडते ती चूक म्हणजे शिखर आले की साथ संपली असे समजणे. समजा, 1000 जणांच्या वस्तीत कोणालाच प्रतिकारशक्ती नाही, सगळे एकमेकांत सारखेच मिसळतात आणि एक रुग्ण सरासरी दोघांना लागण करतो. एका वेळी आजारी असणाऱ्यांची संख्या सर्वांत जास्त होते तेव्हा सुमारे 500 जणांना लागण होऊन गेलेली असते. पण काहीच उपाय केले नाहीत तर एकूण आकडा 800 च्या आसपास जातो. म्हणजे आणखी 300 जण उतारावर सापडतात! गोवराचा एक रुग्ण तर, कोणीच सुरक्षित नसेल तर, 12 ते 18 जणांना लागण करतो. तेही पुरळ उठण्याच्या 4 दिवस आधीपासून, म्हणजे निदान होण्यापूर्वीच.

म्हणूनच दोन डोसांचे लसीकरण 95 टक्के हवे, आणि तेही प्रत्येक वस्तीत. सरासरीवर जाऊ नका. 2022 मध्ये मुंबईत गोवर पसरला तेव्हा सर्वाधिक झळ बसलेल्या भागांत गोवंडीचा एम-पूर्व हा महापालिकेचा विभाग होता. शहराचा एकच आलेख काढला तर असे विभाग त्यात बुडून जातात.

गणिती वक्र आकड्यांवर चपखल बसला म्हणून हुरळून जाऊ नये. केरमॅक आणि मॅकेंड्रिक या संशोधकांनी 1927 मध्ये साथ कशी पसरते याचे आपले समीकरण मुंबईतल्या 1905-06 च्या प्लेगमृत्यूंवर बसवून दाखवले. वक्र सुरेख जुळला. पण तो प्लेग उंदीर, पिसवा आणि हंगाम यांच्या तालावर चालत होता, आणि समीकरणात यांतले काहीच नव्हते.

साथ संपल्याचे जाहीर करायला शेवटच्या रुग्णाला पुरळ उठल्यापासून 42 दिवस नवा रुग्ण नसावा लागतो. अहवालाच्या तारखेपासून मोजू नका. आणि त्या मुदतीतल्या एखाद्या संशयिताचा नमुना प्रयोगशाळेत पडून असेल, तर त्याचा निकाल हाती येईपर्यंत थांबा.