काडेकिराईत: आधी काडी चिरून बघा

किराईत ही कडू औषधी वनस्पती. ते किती घ्यायचं, कधी घ्यायचं, हे सगळे विचारतात. आणलेलं किराईत नेमकं कोणतं, हे मात्र कुणी बघत नाही, आणि खरी चूक तिथेच होते.

ही चूक मी स्वतः दोन पावसाळे केली. पुडी आणायचो, चव घ्यायचो, जीभ आक्रसली की ‘अस्सल आहे’ म्हणून निर्धास्त व्हायचो. एका जाणत्या वैद्यांनी पुडी उघडून पाहिली आणि म्हणाले, हे काडेकिराईत नव्हे, पालेकिराईत आहे. तेही जहाल कडूच असतं. त्यामुळे चवीवरून किराईत ओळखायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

काडेकिराईत, म्हणजेच काडेचिराईत, हिमालयातलं. काश्मीरपासून भूतानपर्यंत, साधारण १२०० ते ३००० मीटर उंचीवर ते उगवतं. पालेकिराईत उष्ण, सखल भागातलं आणि वेगळ्याच कुळातलं. दोघांनाही भुईनिंब म्हणतात, म्हणून घोटाळा वाढतो. पालेकिराईत टाकाऊ मुळीच नाही, तेही औषधच आहे. पण काडेकिराईतातलं कडू द्रव्य अमॅरोजेंटिन, पालेकिराईतातलं अँड्रोग्राफोलाइड. एकाचं माप आणि उपयोग दुसऱ्याला लावणं चूक.

ओळखायला काडी हातात हवी, म्हणून तयार पूड घेऊच नका. पुडीत काय दळलंय ते डोळ्यांना कळत नाही. मुळासकट वाळवलेली जुडी मागा. काडेकिराईताची काडी बाहेरून तपकिरी, जांभळट झाक असलेली. बुडाशी गोल, शेंड्याकडे चौकोनी होत जाणारी. आता बुडाकडची जाड काडी नखाने उभी चिरा. आत पिवळसर, हलका गाभा सलग दिसेल आणि नख घातलं की अलगद सुटून येईल. पालेकिराईताची काडी हिरवट, बुडापासूनच चौकोनी, आणि जुडीत पाल्याचा भरणा. किराईताच्याच जातकुळीतल्या इतर वनस्पतींचीही भेसळ होते. त्यांतल्या काहींच्या काड्या आतून पोकळ निघतात. गाभा नीट दिसला नाही तर जुडी परत करा, किंवा जाणत्याला दाखवा.

पुढचं सोपं. दोन-तीन ग्रॅम काड्या जाडसर ठेचून रात्री कपभर कोमट पाण्यात झाकून ठेवा, सकाळी गाळा. उकळून पाणी पाव हिश्श्यावर आणायच्या फंदात पडू नका. तसला दाट काढा रिकाम्या पोटी घेऊन मला मळमळून आलं होतं. अर्धा कप, जेवणाआधी, घोट घोट. मध-गूळ घालू नका. भूक लागावी म्हणून घेत असाल तर कडू चव जिभेला लागू द्या, कारण तिनेच लाळ आणि पाचकरस सुटायला लागतात. काड्या रोज नव्या घ्या.

परंपरेने किराईत देतात ते तापात, तापानंतर भूक मेल्यावर, जंतांवर आणि त्वचेच्या तक्रारींवर. सुदर्शन चूर्णातही मुख्य घटक तोच. माझा स्वतःचा अनुभव भुकेपुरता आहे आणि तेवढाच मी छातीठोकपणे सांगतो. चार-पाच दिवस घेऊन थांबतो. महिनोन्महिने घ्यायची ही गोष्ट नव्हे.

गरोदर बायकांनी घेऊ नये, लहान मुलांना आपल्या मनाने देऊ नये. पोटात अल्सर असेल तर लांब राहा. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, साखर जास्त उतरू शकते. आणि थंडी वाजून ताप भरत असेल तर किराईत भिजत घालून सकाळची वाट बघू नका, रक्त तपासून घ्या. मलेरियाला काड्यांचं पाणी पुरत नाही.