हिवाळ्यात झुरिकहून एका दिवसात: शाफहाउझेन आणि श्टाइन आम ऱ्हाइन

हिवाळ्यात स्वित्झर्लंडला गेलात आणि डोंगर धुक्यात बुडालेले असले, तर केबल कारवर पैसे घालवू नका. सरळ झुरिकहून शाफहाउझेनची ट्रेन पकडा. पाऊण तासात पोहोचता. आरक्षण लागत नाही.

क्रम मात्र उलटा ठेवा. आधी पुढची लोकल पकडून ऱ्हाइनकाठच्या श्टाइन आम ऱ्हाइनला जा. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि तिथली खरी मजा उजेडातच आहे: राटहाउसप्लाट्झ चौकातल्या घरांच्या भिंती वरपासून खालपर्यंत चित्रांनी भरलेल्या. स्टेशन नदीच्या अलीकडे आहे, पूल ओलांडून दहा मिनिटं चालावं लागतं. दगडी फरशी ओली असली की घसरते, तेव्हा बूट चांगल्या पकडीचे हवेत. सेंट गेओर्गन मठ आणि नदीतल्या बोटी हिवाळ्यात बंद असतात, त्यांच्या भरवशावर बेत आखू नका.

दुपारी शाफहाउझेनला परता. ‘हाउस त्सुम रिटर’ या जुन्या घराच्या दर्शनी भिंतीवरची चित्रं १५७० च्या सुमारास टोबियास श्टिमरने काढली; आज दिसते ती नक्कल, मूळ तुकडे जवळच्या आलरहाइलिगन संग्रहालयात. ते सोमवारी बंद. वेळ उरलाच तर ऱ्हाइनचा धबधबा ट्रेनने पाच मिनिटांवर आहे, पण हिवाळ्यात पाणी कमी. माझ्या मते मुनोट किल्ल्यावर चढणं जास्त बरं.

रविवारी दुकानं बंद असतात, खाण्याचं स्टेशनवरच घ्या.