शेवाळमाशीची नोंद करताना या चुका टाळा

कुजत पडलेला समुद्रशेवाळाचा ढीग पायाने जरा हलवला की माश्या भसकन उठतात. त्या सगळ्यांना ‘शेवाळमाशी’ म्हणून मोकळं होणं ही पहिली चूक. करड्या रंगाची, ढिगाशेजारी वाळूवर तुरुतुरु पळणारी फ्युसेलिया वेगळ्याच कुळातली. कोइलोपा हा खऱ्या शेवाळमाश्यांचा एक वंश; त्यातली माशी बाजूने पाहा: पाठ दाबल्यासारखी चपटी, डोकं लहान, पाय दणकट आणि राठ केसांचे.

आकारावरून जात ठरवू नका. कोइलोपा फ्रिजिडाच्या नरांमध्ये मोठा नर छोट्याच्या तिप्पटही भरू शकतो. पहिल्या गुणसूत्राचा मोठा तुकडा काहींमध्ये उलटा जोडलेला असतो, हे त्यामागचं मुख्य कारण. शिवाय अळ्यांची दाटी झाली तर माश्या खुरट्या निघतात. एकाच ढिगातल्या भावंडांना दोन जाती समजून वेगवेगळ्या कुप्यांत भरणारे मी पाहिलेत.

खरी अडचण कोइलोपा पिलिपेसची. युरोपात ती आणि फ्रिजिडा एकाच ढिगात नांदतात. पिलिपेसच्या नराच्या पायांवर लांब, मऊ केसांची दाट लव असते. फ्रिजिडाचे केस आखूड आणि काट्यांसारखे. पण अल्कोहोलमधून काढलेल्या माशीची लव चिकटून बसते आणि हाच फरक दिसेनासा होतो. माशी वाळू द्या, बारीक कुंचल्याने केस मोकळे करा, मग भिंगाखाली धरा. मादी असेल आणि खात्री नसेल तर ‘कोइलोपा’ एवढंच लिहावं. त्यात कमीपणा कसला?

आता नकाशा. फ्रिजिडा उत्तर अटलांटिकच्या दोन्ही काठांवर आहे, बाल्टिक समुद्रातही शिरलेली आहे. कॅलिफोर्नियाच्या फोटोखाली तिचं नाव दिसलं तर थांबा. त्या किनाऱ्यावर कोइलोपा व्हँडुझीई असते. न्यूझीलंडची केसाळ माशी तर कीटोकोइलोपा लिटोरॅलिस, म्हणजे वंशच निराळा.

किनाऱ्यापासून दूर सापडलेली माशी नकाशावर टाकतानाही जपून. ट्रायक्लोरोइथिलीनच्या वासाला या माश्या भुलतात; ते द्रावक वापरणाऱ्या कारखान्यात वा ड्रायक्लीनिंगच्या दुकानात सापडलेली माशी तिथली रहिवासी नव्हे. अळ्या किंवा कोष मिळाले तरच ‘प्रजनन’ लिहा.

उलट, एका फेरीत माशी दिसली नाही म्हणून ‘आढळत नाही’ असंही लिहू नका. उधाणाची भरती ढीगच्या ढीग अळ्यांसकट ओढून नेते. भांगाच्या, म्हणजे भरती कमी चढते त्या दिवसांत, ढीग जुना आणि आतून ऊबदार झाला असताना पुन्हा जा.