एड्स आणि समलैंगिकता : विद्यार्थ्यांची पाहणी कशी करावी

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या महाविद्यालयात एड्स व समलैंगिकता यांविषयी विद्यार्थ्यांना काय ठाऊक आहे व काय वाटते, याची पाहणी करताना माहितीचे आणि दृष्टिकोनाचे प्रश्न वेगळ्या भागांत ठेवावेत व त्यांचे गुण एकत्र मिळवू नयेत. असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त, एकच सुई अनेकांनी वापरणे आणि आईकडून बाळाला होणारी लागण हे प्रसाराचे मार्ग अचूक सांगणारा विद्यार्थीही बाधित मित्राच्या शेजारी जेवायला कचरू शकतो. समलैंगिकतेचे प्रश्न एड्सच्या प्रश्नांना चिकटवू नयेत, अन्यथा हा आजार त्याच लोकांचा, असे प्रश्नावलीच सुचवू लागते. भारतात बहुतांश लागण स्त्री-पुरुष संबंधांतून होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली आणि सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले, हे ठाऊक आहे का, हा माहितीचा प्रश्न झाला. समलैंगिक मुलासोबत वसतिगृहाची खोली वाटून घ्याल का, हा दृष्टिकोनाचा.

पार्श्वभूमीत लिंग, वयोगट, शाखा, गाव की शहर आणि आईचे शिक्षण विचारावे. घरची भाषा व शाळेचे माध्यम मात्र स्वतंत्रपणे विचारावे, कारण घरी मराठी बोलून कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेली मुले इथे पुष्कळ आहेत. प्रश्नावली मराठी, कन्नड आणि उर्दूत उपलब्ध असावी.

नाव लिहून घेतले नाही म्हणजे गोपनीयता साधली, असे समजू नये. विज्ञान शाखेच्या लहान वर्गात खेड्यातून आलेली, उर्दू माध्यमाची मुलगी एकच असेल, तर तिचा कागद कोणीही ओळखेल. म्हणून तपशील ढोबळ ठेवावेत, लहान गटांचे आकडे छापू नयेत आणि उत्तरपत्रिका वर्गशिक्षकाकडे नव्हे, बंद पेटीत गोळा कराव्यात. पी.यू.चे (अकरावी-बारावीचे) बहुतेक विद्यार्थी अठरा वर्षांखालील असल्याने पालकांचीही लेखी संमती घ्यावी.

मराठी माध्यमाचे गुण कमी दिसले तर लगेच भाषेला दोष देऊ नये. सीमाभागात असा आकडा वादाला आयताच विषय पुरवतो, आणि प्रत्यक्षात तो फरक खेड्याचा किंवा शाखेचा असू शकतो; त्यामुळे गावातील मुलांची तुलना गावातीलच, कला शाखेची कला शाखेशीच करून पाहावी.

पाहणी संपताच अचूक उत्तरांचा कागद सर्वांना द्यावा. त्यावर १०९७ हा मोफत मदत क्रमांक छापावा आणि सरकारी रुग्णालयातील तपासणी केंद्रात चाचणी विनामूल्य व गोपनीय असते, हेही लिहावे.